सतरा टेक

माझ्याबद्दल आमच्या धंद्यात एक गोष्ट सांगतात. शर्वरी दाबकेसमोर दगड आणून बसवला तरी अठराव्या टेकला तो बोलायला लागतो म्हणे. ही गोष्ट पहिल्यांदा मीच कुणाला तरी सांगितली असणार, पण ती ऐकायला मला अजून आवडते. वीस वर्षं मी माहितीपट करते आहे आणि माझी रीत एकच आहे. समोरच्या माणसाला तीच हकिगत पुन्हा पुन्हा सांगायला लावायची. पहिल्या टेकला तो कोर्टात बोलल्यासारखा बोलतो. पाचव्या-सहाव्याला वैतागतो. दहाव्याच्या पुढे कुठेतरी त्याला कॅमेरा दिसेनासा होतो, आणि मग जे बाहेर येतं ते माझ्या कामाचं असतं. त्यातले चांगले तीन टेक ठेवायचे आणि बाकीचे शूटिंग संपलं की त्याच संध्याकाळी पुसून टाकायचे, हा माझ्या युनिटचा नियम. ढीगभर कचरा घेऊन संपादनाला बसणाऱ्या दिग्दर्शकांची मला कीव यायची.

मायाप्पा लवटेच्या बाबतीतही मी हा नियम मोडला नाही.

मायाप्पा तासगावकडच्या बोरखडी गावात एका बेदाण्याच्या शेडवर कामाला होता. मूळचा जतकडचा. द्राक्षं द्रावणात बुडवायची आणि रॅकवर पसरायची, हे त्याचं काम. एकोणीस वर्षांपूर्वी मार्च महिन्यात, दिवस मावळायच्या सुमाराला, शेडच्या मालकाची बायको आणि तिचा दीड वर्षाचा मुलगा शेडमध्ये मेलेले सापडले. दोघांच्या डोक्यात फावडं घातलेलं होतं. मालकाची आठ वर्षांची मुलगी ऋतुजा बाहेर बेदाण्याच्या काड्या निवडत बसली होती. शेडच्या हिरव्या जाळीतून बाहेर पडणारा माणूस तिने पाहिला. तो मायाप्पा होता, असं तिने पोलिसांना एकदा आणि कोर्टात एकदा सांगितलं. आदल्या दिवशी मालकाने माल काळा पडला म्हणून मायाप्पाला सगळ्यांसमोर शिव्या घातल्या होत्या, तेवढं कारण पुरलं. त्याच्या सदऱ्यावर रक्ताचे डाग होते म्हणतात. तो सदरा पुढे महापुरात मुद्देमालाच्या गोदामासकट वाहून गेला. उरली ती ऋतुजाची साक्ष. त्या साक्षीवर मायाप्पाला फाशीची शिक्षा झाली, अपिलं फेटाळली गेली, दयेचा अर्जही गेला.

तो निर्दोष होता का? मला माहीत नाही. तेव्हाही नव्हतं. मला फक्त एवढं दिसत होतं की आठ वर्षांच्या पोरीच्या एका नजरेवर एक माणूस एकोणीस वर्षं मरणाची वाट बघतो आहे, आणि यात एक जबरदस्त फिल्म आहे.

*

फिल्मचं पहिलं शूटिंग पुण्यात झालं, डॉ. हेबाळकरांच्या प्रयोगशाळेत. थरवाचनाचं, म्हणजे आठवणीचे थर वाचायचं यंत्र त्यांच्या गटाने बनवलेलं. फाशीच्या खटल्यांत साक्षीदाराचं थरवाचन नवा पुरावा म्हणून मागता येईल, असा निकाल नुकताच आला होता, त्यामुळे डॉक्टरांच्या दारात गर्दी होती. आम्हाला मिळाली ती एकच सकाळ. मायाप्पाची बायको बाळाबाई वकिलांना भेटायला पुण्यात आलेली होती, तिलाही बरोबर घेतलं. ती मागे स्टुलावर पदर सावरून बसली.

डॉक्टर साठीच्या, गडहिंग्लजकडच्या, साध्या बोलणाऱ्या. त्यांनी समजावलं ते असं. आठवण म्हणजे मेंदूतल्या काही पेशींची आपसातली जोडणी. आपल्याला वाटतं ती कपाटात ठेवलेल्या फोटोसारखी असते, काढायची, बघायची, परत ठेवायची. तसं नसतं. आपण आठवतो तेव्हा ती जोडणी सैल होते. पाच-सहा तास ती ओली असते. मग नवी प्रथिनं तयार होतात आणि ती पुन्हा पक्की होते, पण पक्की होताना आजूबाजूला जे असेल ते तिच्यात मिसळतं. कुणी विचारलेला प्रश्न, पाहिलेला फोटो, आपलाच एखादा अंदाज. दर वेळी पेशींच्या डीएनएवर एक रासायनिक खूण उरते आणि ती ठरावीक वेगाने फिकी होत जाते. यंत्र बाहेरून, कवटीतून प्रकाश टाकून, त्या खुणा वाचतं. साक्षीदाराने बोलायचं नाही. त्याला फक्त चेहरा दाखवायचा आणि कोणता थर पेटतो ते बघायचं. चेहरा तळाच्या थरात असला तर तो त्या दिवशी पाहिलेला. वरच्या थरात असला तर नंतर कुणीतरी आणून ठेवलेला.

"आम्ही लहानपणी जमीन सारवायचो," डॉक्टर म्हणाल्या. "जुनी जमीन उकरली की सारवणाचे थर दिसतात, एकावर एक. तसंच हे. पण सारवताना खालचा थर जरासा भिजतो आणि हाताबरोबर निघून येतो. वर्षातून दोनदा सारवलं तर खालचे थर टिकतात. एका दिवसात दहादा सारवलं तर काय होईल?"

"काय होईल?" मी विचारलं.

"सगळ्याचा लगदा होईल. आठवण पुन्हा पुन्हा सांगायला लावली की ती पुन्हा पुन्हा लिहिली जाते. म्हणून वाचनाआधी साक्षीदाराला कुणीही काहीही विचारू नये."

वाक्य उत्तम होतं. पण नेमकी तेव्हाच एसीची घरघर वाढली. मी डॉक्टरांना ते पुन्हा म्हणायला लावलं. मग त्यांचा चष्मा चकाकला म्हणून पुन्हा. ते वाक्य मी चार वेळा, शब्दन् शब्द, कानाला हेडफोन लावून ऐकलं आणि चारही वेळा आवाज स्वच्छ आला की नाही एवढंच बघत होते.

चौथ्या टेकमध्ये बाळाबाई मागून बोलली. "आन कुणाला सांगितलीच न्हाई तर वो?"

"तर तशीच राहते, बाई," डॉक्टर वळून म्हणाल्या. "कोरी."

"बाळाबाई, मध्ये बोलू नका हो, टेक फुकट गेला," मी म्हणाले. ती ओशाळली आणि तोंडाला पदर लावून बसली. तो टेक आम्ही संध्याकाळी पुसला.

*

तुरुंगात मला मायाप्पाची वीस मिनिटं मिळाली. पन्नाशीचा, टक्कल पडलेला, हात मात्र अजून मजुराचे. मी त्याला माझा नेहमीचा पहिला प्रश्न विचारला, त्या दिवशी काय झालं.

"बाई, मी केलं न्हाई, हे म्या इतक्यांदा सांगितलंय, की आता सांगताना माझं मलाच खोटं वाटतंय," तो म्हणाला. "तुमी त्या पोरीला इचारा. तिनं काय बगितलं ते तिलाच म्हाईत."

"विचारणारच आहे."

"पर तिला तरास द्यू नका. तिची आय गेलीया."

हे त्याने एकाच टेकमध्ये म्हटलं. दुसरा घ्यायला वेळ नव्हता.

*

ऋतुजा आता सत्तावीस वर्षांची होती. लग्न होऊन मिरजेला गेलेली, एका बालवाडीत शिकवायची. मी फोन केला तेव्हा तिने सरळ नाही म्हटलं. लहानपणापासून घरात तो विषय काढायची बंदी होती, चुलत्याने तिच्यासमोर कुणालाच कधी त्याबद्दल बोलू दिलं नव्हतं. म्हणजे एकोणीस वर्षांत तिने ती हकिगत दोनदाच सांगितली होती. हे ऐकून डॉक्टरांनी देव्हाऱ्यापुढे हात जोडले असते. मीही जोडले, पण वेगळ्या कारणासाठी. अनटच्ड विटनेस, असं मी चॅनेलच्या मेलमध्ये लिहिलं.

तीन आठवडे मी तिच्या मागे लागले. "तुझ्या आईसाठी बोल," म्हणाले. हे वाक्य माझ्याकडे तयार असतं.

शूटिंग बोरखडीतच ठेवलं, त्याच शेडवर. शेड आता बंद होती. रॅक गंजलेले, हिरवी जाळी फाटून लोंबत होती. आमचा कॅमेरामन इरफान मुजावर, बारा वर्षं माझ्याबरोबर असलेला माणूस. तो कमी बोलतो आणि टेकची पाटी स्वतःच धरतो. ऋतुजाला ती बसली होती तिथेच बसवलं, पुढ्यात बेदाण्यांचं घमेलं ठेवलं.

पहिल्या टेकमध्ये ती घडाघडा बोलली. आई आत गेली. बाळ रडायचं थांबलं. मग जाळी हलली आणि मायाप्पा बाहेर आला. त्याने माझ्याकडे बघितलं. मग तो उसाकडे गेला.

"छान," मी म्हणाले. "परत एकदा. जरा सावकाश. जाळीचं सांग ना. खाली सोडलेली होती की वर बांधलेली?"

"आठवत नाही ताई."

"हरकत नाही. आठव. परत एकदा."

दोन दिवस आम्ही तेच करत होतो. सहाव्या टेकला ती रडली. सातव्याला तिच्या हकिगतीत पहिल्यांदा जाळी खाली आली. नवव्याला माणसाच्या हातात काहीतरी होतं. दहाव्याला नव्हतं. अकराव्याला तिने चक्क मला विचारलं, "ताई, मी मगाशी काय सांगितलं होतं?" इरफानने माझ्याकडे पाहिलं. मी त्याला पाटी बदलायची खूण केली.

चौदाव्या टेकला ती मध्येच थांबली. घमेल्यातला हात तसाच राहिला.

"जाळी खाली होती," ती म्हणाली. "तो आतनं येत होता. ऊन माझ्या डोळ्यांवर होतं. मग ताई, मला त्याचं तोंड दिसलं कसं?"

कॅमेरा चालू होता. त्या दिवशी मी आणखी तीन टेक घेतले, तोच क्षण वेगवेगळ्या बाजूंनी, आणि सतराव्याला तो अगदी हवा तसा मिळाला. संध्याकाळी नियमाप्रमाणे तीन ठेवले, चौदा पुसले.

गाडीत बसताना इरफान म्हणाला, "ताई, त्या डॉक्टरबाई काय म्हणाल्या होत्या?"

"कशाबद्दल?"

"काही नाही," तो म्हणाला.

*

फाशीची तारीख निघाली. मी तो एक मिनिटाचा तुकडा बाहेर सोडला. दोन दिवसांत तो देशभर पसरला. मायाप्पाचे वकील वालावलकर तो घेऊन कोर्टात गेले आणि फाशीला स्थगिती मिळाली. ऋतुजाचं थरवाचन करा, असा आदेश झाला. त्या संध्याकाळी बाळाबाईने मला फोन केला आणि पाच मिनिटं नुसती रडत राहिली. मी पण रडले. त्या आठवड्यात माझ्यासारखी चांगली बाई पृथ्वीवर दुसरी नाही असं मला मनापासून वाटत होतं.

वाचन झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी मला आणि वालावलकरांना बोलावलं. पडद्यावर एक आलेख होता. वर जाडजूड पिवळा पट्टा आणि खाली काहीच नाही, नुसतं करडं.

"तळाचा थर गेलेला आहे," डॉक्टर म्हणाल्या. "चेहरा, जाळी, ऊन, सगळं या वरच्या पट्ट्यात आहे, आणि हा पट्टा चार महिन्यांपूर्वीचा आहे. तिची खात्रीही यातली आणि शंकाही यातलीच. खाली मायाप्पाचा चेहरा होता, दुसऱ्या कुणाचा होता, की कुणाचाच नव्हता, हे आता कुणालाही कधीच कळणार नाही. ज्या बाईने ही गोष्ट एकोणीस वर्षांत दोनदा सांगितली, तिचा थर असा कसा गेला?"

मी वहीत तो पट्टा रेखाटायला लागले.

"किती वेळा विचारलंत तिला?"

"डॉक्टर, तो एक सर्जनशील भाग आहे..."

"किती वेळा?"

"सतरा."

डॉक्टर उठून खिडकीपाशी गेल्या. "मी तुम्हाला सांगितलं होतं," त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या. "तुम्ही माझ्याकडून ते चार वेळा वदवून घेतलंत."

वालावलकरांचं डोकं मात्र थंड होतं. बाहेर कॉरिडॉरमध्ये त्यांनी मला बाजूला घेतलं. "शर्वरीताई, एक वाट आहे. एक-दोन दिवसांत चढलेले थर एकमेकांत मिसळतात, यंत्राला ते मोजता येत नाहीत. आम्ही तुमच्या तोंडून ऐकलं ते कोर्टात ऐकीव ठरेल. सतरा हा आकडा फक्त तुम्ही सांगू शकता. प्रतिज्ञापत्रावर लिहून द्या की वाचण्याजोगा पुरावा शाबूत होता आणि तो तुमच्या हातून नष्ट झाला. आरोपीचा काही दोष नसताना त्याची शेवटची संधी गेली, असं म्हटल्यावर कोर्ट त्याला फासावर चढवणार नाही. जन्मठेप करतील. एकोणीस वर्षं भोगून झालीच आहेत. दोन-तीन वर्षांत तो घरी येईल."

"आणि माझं काय?"

"साक्षीदाराच्या स्मृतीशी छेडछाड. नवा कायदा कडक आहे. पाच-सहा वर्षं होऊ शकतात. फिल्म जप्त होईल. मी तुम्हाला गोड बोलून फसवणार नाही."

मी घरी आले. डिस्क लावली. डिस्कवर तीन टेक होते.

मला भीती वाटली, हे सरळ सांगते. तुरुंगाची वाटली, पण त्याहून जास्त भीती मला त्या वाक्याची वाटली जे माझ्या नावापुढे कायमचं लागलं असतं. मायाप्पा लवटेचा पुरावा जिने खाल्ला ती दाबके. मी स्वतःला पटवत राहिले. सतरा लिहिलं तरी कोर्ट ऐकेलच याची खात्री काय. तीन लिहिलं तरी शंका आहेच, शंकेचा फायदा मिळेलच. आणि डिस्कवर खरोखर तीनच होते, पडताळून बघा हवं तर. प्रतिज्ञापत्रात मी लिहिलं: "साक्षीदाराचे तीन टेक घेण्यात आले."

ऋतुजाला कोर्टात विचारलं. ती म्हणाली, लई वेळा विचारलं, पण मोजलं नाही. सरकारी वकील हसले आणि म्हणाले, भावनेच्या भरात तीनाचे तीसही वाटतात.

इरफानला मी काहीच सांगितलं नव्हतं. त्याने पेपरात वाचलं आणि घरी आला. चहा घेतला नाही. "ताई, मला दोन मुली आहेत. मी आपणहून जाणार नाही," तो म्हणाला. "पण मला कुणी विचारलं तर मी सतरा सांगेन."

त्याला कुणी विचारलंच नाही.

निकाल बारा पानांचा होता. तीन वेळच्या कथनाने एवढी झीज होणं शक्य नाही, सबब मूळ स्मृती काळाच्या ओघातच नष्ट झाली असावी. सध्याची शंका अलीकडची, म्हणून अविश्वसनीय. मूळ साक्ष घटनेच्या सर्वांत जवळची, म्हणून ग्राह्य. स्थगिती उठवण्यात येत आहे.

निकालाच्या दुसऱ्या दिवशी ऋतुजाचा फोन आला. मला वाटलं ती शिव्या देईल. दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"ताई, एक विचारायचं होतं. त्या दिवशी आई आत जाताना माझ्याकडे बघून काहीतरी बोलली होती. तेवढंच माझ्यापाशी होतं तिचं. तुम्हाला मी ते शूटिंगला सांगितलं होतं का? कारण आता मला आठवायला गेलं की तुम्हीच दिसता. घमेल्याच्या पलीकडे बसलेल्या."

सांगितलं होतं. दुसऱ्या टेकला. काय सांगितलं होतं ते मला आठवेना, आणि टेक पुसलेला होता.

"नाही गं," मी म्हणाले. "मला नाही काही बोललीस."

*

मायाप्पाला एका मंगळवारी फाशी दिली.

फिल्मला शेवट नव्हता. चॅनेलवाले म्हणत होते की बायकोची शेवटची मुलाखत पाहिजे, आदल्या दिवशीची भेट, तिच्या तोंडून. मी पाच महिने थांबले. त्याला मी संवेदनशीलता म्हणत होते. मग इरफानला आणि एका नव्या ध्वनिमुद्रकाला घेऊन जतच्या पुढे, बाळाबाईच्या वस्तीवर गेले.

दोन खोल्या, वर पत्रा, पत्र्यावर दगड. बाळाबाईने आम्हाला ताक दिलं. प्रतिज्ञापत्राचं तिला काही माहीत नव्हतं. तिच्या लेखी मी अजून ती बाई होते जिने तिच्या नवऱ्याला चार महिने जास्त मिळवून दिले.

"त्या दिवसाचं तेवढं इचारू नका, बाई," ती म्हणाली. "म्या कुणालाच सांगितलं न्हाई. लेकीला बी न्हाई. त्या डाक्टरीनबाई म्हणल्या हुत्या न्हवं का, सांगितलं न्हाई तर कोरी ऱ्हाती. मी मनात सुदिक लई घोळवत न्हाई. भिजल म्हणून. तेवढीच एक हाय माज्यापाशी, जशीच्या तशी."

त्या प्रयोगशाळेत आम्ही चौघं होतो. शिकलेले तिघं. ऐकलं फक्त हिने.

मी तिथून उठायला हवं होतं. इरफान खरोखरच उठला होता, बॅग बंद करत होता. मी बाळाबाईचा हात हातात घेतला. "तुम्ही गेल्यावर ती आठवणही जाईल," मी म्हणाले. "फिल्ममध्ये आली की राहील. तुमच्या नातवंडांना दिसेल. एकदाच सांगा. एकदाच."

तिने वर पत्र्याकडे बघितलं आणि म्हणाली, "एकदाच हं."

आणि तिने सांगितलं. मध्ये काच होती, बोलायला फोन होता. मायाप्पाने विचारलं, पत्र्यावर दगड ठेवलेस का, वारं सुटलं की उडतोय तो. ती म्हणाली, ठिवलेत. तो म्हणाला, बरं. मग दोघं गप्प बसली. शिपाई म्हणाला, वेळ झाली. तो उठला, पायाला खाज आली होती ती खाजवली आणि आत गेला.

"मागं वळला न्हाई," बाळाबाई म्हणाली. "मी हुबीच ऱ्हायले. पर वळला न्हाई."

इतकं खरं माझ्या कॅमेऱ्यासमोर वीस वर्षांत कुणी बोललं नव्हतं. मग ध्वनिमुद्रकाने हेडफोन काढला आणि मान हलवली. शेजारची पिठाची गिरणी सुरू झाली होती. सगळ्या बोलण्यावर तिची घरघर बसली होती.

इरफानने माझ्याकडे पाहिलं. त्याच्या डोळ्यांत काय होतं ते मला कळत होतं.

"बाळाबाई," मी म्हणाले, "परत एकदा."

गिरणी थांबल्यावर तिने परत सांगितलं. या वेळी शिपाई ओरडला. तिसऱ्या टेकला मायाप्पाने पायाला खाजवलं नाही. मी विचारलं, "दारापाशी थांबला असेल ना क्षणभर?" आणि चौथ्याला तो दारापाशी थांबला. काय चाललं आहे हे मला आता पुरतं कळत होतं, डॉक्टरांच्या आलेखावरचा पिवळा पट्टा मला समोर दिसत होता. मला थांबवता आलं असतं. पण दारातून तिच्या गालावर उन्हाची तिरीप आली होती आणि ती दहा मिनिटांत जाणार होती. पाचव्या टेकला मायाप्पा मागे वळला आणि त्याने हात केला. हे सांगताना बाळाबाई रडली.

इरफान पाटी जमिनीवर ठेवून बाहेर गेला आणि रस्त्याने चालायला लागला. त्यानंतर त्याने माझ्याबरोबर काम केलं नाही. त्या संध्याकाळी टेक मीच पुसले. पहिल्यात गिरणीचा आवाज होता, म्हणून तो गेला.

फिल्म खूप चालली. ज्याने कुणी ती पाहिली तो शेवटाबद्दल बोलतो. काचेपलीकडून केलेला तो हात. परदेशात एका ठिकाणी लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते, तेव्हा मी वाकून नमस्कार केला.

मग मी फिल्म टॅबवर घेऊन बाळाबाईला दाखवायला गेले. का गेले ते नीट सांगता येणार नाही. कदाचित तिने मला पकडावं असं वाटत असेल. पायरीवर बसून तिने दीड तास एकटक पाहिली. संपल्यावर पदराने टॅबची काच पुसली आणि मला परत दिली.

"बाळाबाई, खरं सांगा," मी म्हणाले. "त्या दिवशी तो वळला होता का? की नव्हता वळला?"

तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मला वेडच लागलं आहे.

"आसं काय इचारता, बाई? वळला हुता की. हात बी केला. मला लख्ख दिसतंय अजून." मग तिला काहीतरी आठवलं आणि तिचा चेहरा उजळला. तिने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. "आन कसा हसला हुता माज्याकडं बगून! ते तेवढं ऱ्हायलं बगा तुमच्या फिलममधी."